गढूळ पाण्याखालची जमीन

शाळेंत इतिहास शिकवण्याचें काम मीं बत्तीस वर्षें केलें. तेवढ्या काळांत मुलांनीं जे प्रश्न विचारले त्यांपैकीं बहुतेकांचीं उत्तरें मला देतां आलीं; एका प्रश्नाचें मात्र नीट देतां आलें नाहीं. आठवीच्या वर्गांतला एक मुलगा, बुद्धीनें चांगला पण सनावळीला कंटाळलेला, एके दिवशीं उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, होऊन गेलेल्या गोष्टी पाठ करून आमच्या हातीं काय लागणार?" अशा वेळीं शिक्षक जें ठराविक उत्तर देतात तेंच मीं दिलें: पूर्वजांचें स्मरण, देशाचा अभिमान, मागच्या चुकांपासून धडा. मुलगा खालीं बसला. त्याचें समाधान झालें नव्हतें हें त्याच्या तोंडावर दिसत होतें; आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि झालें नव्हतें.

हा मुलगा पुढें इंजिनियर झाला आणि आज अमेरिकेंत टेनेसी संस्थानांतील मेम्फिस शहरीं राहतो. रविवारीं सवड मिळाली म्हणजे तो मासे गरवावयास जातो. मेम्फिसच्या दक्षिणेस सुमारें पन्नास मैलांवर, शेजारच्या मिसिसिपी संस्थानांत, सार्डिस नांवाचें धरणाचें एक विस्तीर्ण तळें आहे. तेथें क्रॅपी नांवाचा मासा विपुल आहे. गेल्या वर्षीं या माझ्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. त्यांत त्यानें लिहिलें होतें कीं, मार्च महिन्यांत मी दोन रविवार तेथें गेलों आणि दोन्ही वेळां रिकाम्या हातांनीं परत आलों. पाणी गढूळ होतें, चढलेलें होतें आणि थंड होतें. यांतली एकच अडचण असली तरी मासा मिळणें कठीण; तिन्ही एकत्र आल्यावर काय विचारावें! परंतु शेजारच्या एका लहानशा होडींत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. एक वेळूची काठी आणि लहान जिवंत मासळ्यांची एक बादली, एवढेंच त्यांचें साहित्य. त्यांनीं माझ्या डोळ्यांदेखत आठ-दहा मासे वर काढले.

दुसऱ्या रविवारीं त्यानें भीड सोडून त्या वृद्ध गृहस्थांना यामागचें मर्म विचारलें. त्यांनीं जें उत्तर दिलें तें मी आपणांस शेवटीं सांगणार आहें. कारण तें समजण्यासाठीं चढलेलें, गढूळ आणि थंड या तीन शब्दांमागें काय आहे तें आधीं पाहिलें पाहिजे. त्यांतला तिसरा शब्द ऋतुमानाचा आहे. पहिले दोन मात्र पुष्कळ अंशीं माणसानें घडवलेले आहेत.

प्रथम माशाची ओळख करून घेऊं. क्रॅपी हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यांतला मासा. अंगानें चपटा, वीत-दीड वीत लांब, चंदेरी अंगावर काळसर ठिपके, डोळे मोठे, आणि तोंडाची कड इतकी पातळ कीं दोरा हिसडून ओढला तर ती फाटावी. म्हणून कांहीं लोक त्याला 'कागदी तोंडाचा' असेंच म्हणतात. या माशाच्या दोन जाती आहेत, पांढरी आणि काळी. पांढऱ्या जातीचें शास्त्रीय वर्णन १८१८ सालीं राफिनेस्क या विद्वानानें केलें. कॉन्स्टॅन्टिनोपलमध्यें जन्मलेला हा विक्षिप्त पंडित त्या सालीं ओहायो नदीच्या खोऱ्यांत मासे, वनस्पती आणि शिंपले टिपीत हिंडत होता. माशाच्या कल्ल्यावरील झांकणाला टोंक असतें तें पाहून त्यानें 'धारदार झांकणाचा' या अर्थाचें 'पोमॉक्सिस' असें ग्रीक नांव त्याला दिलें. काळ्या जातीचें वर्णन लस्यूर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानें १८२९ मध्यें प्रसिद्ध केलें. काळ्या जातीला स्वच्छ, पाणवनस्पती असलेलें पाणी मानवतें. पांढरी जात गढूळ पाणीहि सोसते. हा भेद आपण लक्षांत ठेवूं.

आतां पहिला शब्द घेऊं: चढलेलें पाणी. सार्डिसचें तळें निसर्गानें केलेलें नाहीं. त्याच्या जन्माची कथा १९२७ सालच्या महापुरापासून सुरू होते. त्या वर्षीं मिसिसिपी नदीनें आपले बांध ठिकठिकाणीं फोडले. २१ एप्रिल १९२७ रोजीं ग्रीनव्हिल शहराच्या उत्तरेस माउंड्स लँडिंग येथें बांधाला खिंडार पडलें आणि सपाट काळ्या जमिनीच्या त्या प्रांतावर पाणी लोटलें. सगळ्या खोऱ्यांत मिळून सुमारें २७,००० चौरस मैल जमीन पाण्याखालीं गेली आणि सहा लाखांहून अधिक माणसें निराश्रित झालीं. ग्रीनव्हिलच्या बांधावर तर हजारों कृष्णवर्णीय मजुरांना छावण्यांतून अडकवून ठेवून त्यांच्याकडून सक्तीनें काम करून घेण्यांत आलें. पुरानें घरें नेलीं तशी समाजाची लाजहि उघडी पाडली.

या आपत्तीनंतर १९२८ मध्यें पूरनियंत्रणाचा कायदा झाला. नुसते बांध उंच करून भागत नाहीं, पुराचें पाणी वरच्या खोऱ्यांतच थोपवून धरलें पाहिजे, हा विचार पुढें बळावला; आणि १९३६ च्या कायद्यानें याझू नदीच्या वरच्या अंगास चार तळीं बांधण्याचें ठरलें. लिटल टॅलाहाची नदीवरचें सार्डिस १९४० मध्यें, कोल्डवॉटर नदीवरचें अर्काबुटला १९४३ मध्यें, योकोना नदीवरचें ईनिड १९५२ मध्यें आणि यालोबुशा नदीवरचें ग्रेनाडा १९५४ मध्यें, अशीं तीं एकामागून एक पुरीं झालीं. सार्डिसचा मातीचा बांध जवळजवळ तीन मैल लांब आहे.

या तळ्यांचा नित्यक्रम आपल्याकडील धरणांच्या उलट आहे. आपण पावसाळ्यांत पाणी सांठवतों तें उन्हाळ्यांत वापरावें म्हणून. तेथें तळें मुख्यतः रिकामें ठेवण्यासाठीं बांधलेलें आहे. उन्हाळा सरला म्हणजे दरवाजे उघडून पाणी हळूहळू सोडतात, आणि हिवाळा लागतां लागतां तळें आटवून ठेवतात. हेतु हा कीं हिवाळ्याच्या शेवटीं व वसंतांत जो पाऊस पडतो त्याचा लोंढा त्या पोकळींत मावावा. सार्डिसची हिवाळी पातळी समुद्रसपाटीपासून २३६ फूट आणि उन्हाळी पातळी २६० फूट. म्हणजे दरसाल चोवीस फुटांचा चढउतार! डिसेंबरांत जेथें माणूस कोरड्या चिखलावरून चालत जातो, तेथेंच एप्रिल-मेमध्यें त्याच्या डोक्यावर दोन पुरुष पाणी असूं शकतें. मार्च हा या चढणीचा महिना. माझा विद्यार्थी पोहोंचला तेव्हां तळें नुकतेंच कांठावरच्या झुडपांत शिरलें होतें.

हें पाणी ज्या जमिनीवर चढतें ती एके काळीं शेतांची, रस्त्यांची आणि गांवांची जमीन होती. अर्काबुटलाच्या तळ्यासाठीं कोल्डवॉटर नांवाचा संबंध गांवच १९४२ सालीं उचलून दक्षिणेस उंच जागीं न्यावा लागला. कोल्डवॉटर म्हणजे थंड पाणी. ज्या नदीवरून गांवाला नांव मिळालें तिच्याच पाण्यासाठीं गांवाला जागा सोडावी लागली. खालच्या प्रांतांतील लाखों लोकांना पुरापासून वांचवावयाचें तर वरच्या खोऱ्यांतील कांहीं लोकांनीं आपलें घरदार सोडावें, हा हिशेब राज्यकर्त्यांना चुकवतां येत नाहीं. परंतु ज्यांचें शेत जातें त्यांना तो हिशेब कितीहि वेळां समजावला तरी शेत तें शेतच.

दुसरा शब्द: गढूळ. पावसाचें पाणी आकाशांतून गढूळ येत नाहीं. जमीन तें गढूळ करते. उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांवर वाऱ्यानें आणून पसरलेल्या पिवळट मऊ मातीचे जाड थर आहेत. हिमयुगाच्या काळांत नद्यांच्या पात्रांतून उडालेली ही धूळ. हात लावला तर पिठासारखी लागते, झाडाझुडपांचें पांघरूण असेल तोंवर जागची हलत नाहीं, आणि तें पांघरूण निघालें कीं पहिल्या जोराच्या सरींत वाहूं लागते. या टेकड्या चिकासॉ नांवाच्या मूळ रहिवाशांच्या होत्या. १८३२ सालीं पॉन्टोटॉक येथील तहानें त्यांना आपली सर्व भूमि सोडून द्यावी लागली, आणि मागोमाग गोरे जमीनदार व त्यांचे गुलाम तेथें आले. जंगल तोडलें, उतारावर उभे-आडवे नांगर फिरले आणि जिकडे तिकडे कापूस पेरला गेला. दोन-तीन पिढ्यांत टेकड्यांना घरभर खोल घळी पडल्या, आणि ती माती खालच्या ओढ्यांच्या तळाशीं जाऊन बसली.

याची शास्त्रीय मोजणीहि झाली आहे. अमेरिकन शेतकी खात्यानें सार्डिसच्या परिसरांतील टोबीटबी आणि हरिकेन या दोन ओढ्यांच्या खोऱ्यांत जागोजागीं भोंकें पाडून, जुनी काळी जमीन किती खोल पुरली गेली आहे तें तपासलें आणि तो अभ्यास १९४० मध्यें प्रसिद्ध केला. बांध पुरा झाला त्याच वर्षीं! म्हणजे तळें भरावयास लागलें तेव्हांच त्यांत कोणती माती येणार हें माहीत झालें होतें. पुढें सरकारनें घळींच्या तोंडाशीं लहान बंधारे घातले आणि कित्येक लाख एकरांवर पाइनचीं झाडें लावलीं. टेकड्या पुन्हां हिरव्या झाल्या. तथापि शंभर वर्षांत वाहून आलेली माती पन्नास वर्षांत नाहींशी होत नाहीं. ओढ्यांच्या पात्रांत ती अजून बसलेली आहे, आणि मार्चचा पाऊस तिला पुन्हां उठवतो. अशा तळ्यांत गढूळपणा सोसणाऱ्या पांढऱ्या क्रॅपीची भरभराट व्हावी यांत नवल नाहीं. या जातीचा आजवरचा विक्रमी मासा ईनिडच्या धरणापाशींच १९५७ सालीं मिळाला. त्याचें वजन ५ पौंड ३ औंस भरलें.

तिसरा शब्द: थंड. पाण्याचा एक चमत्कारिक गुण आपण शाळेंत शिकलों आहोंत. पाणी ४ अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असतें. म्हणून थंडींत तळ्याचें पाणी थरांथरांनीं खालीं जातें आणि मासे खोल जागीं, विशेषतः बुडालेल्या नदीच्या जुन्या पात्रांत, थव्यानें राहतात. माशाचें रक्त आपल्यासारखें उष्ण नसतें. पाणी गार झालें कीं त्याचें पचन मंदावतें, भूक कमी होते आणि भक्ष्यामागें धांवण्याची शक्ति उरत नाहीं. क्रॅपी अंडीं घालतो तें पाणी १६ ते २० अंशांपर्यंत तापल्यावर. मार्चच्या आरंभीं तेवढी ऊब आलेली नसते. परंतु दिवस वाढूं लागलेले असतात, आणि मासे खोल पात्रांतून ओढ्यांच्या तोंडाकडे सरकावयास लागतात. अशा वेळीं जर पाऊस झाला तर पाणी पुन्हां गार होतें, आणि मासा वाटेंत अर्ध्यावर थबकतो.

आपल्या कोंकणांत पहिल्या पावसाचा लोंढा आला म्हणजे मासे ओढ्यांतून थेट भातखाचरांत चढतात, त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतों. क्रॅपीहि चढत्या पाण्याबरोबर कांठाकडे येतो. फरक इतकाच कीं आपला लोंढा उन्हाळ्याअखेरचा उबदार असतो आणि मासे आवेशानें चढतात; तिकडचा लोंढा थंड असतो आणि मासा जपून, झाडाझुडपाच्या आधारानें पुढें सरकतो.

मग गढूळ पाण्यांत या माशाला दिसतें कसें? पाणी किती नितळ आहे हें मोजण्याची सोपी रीत रोमच्या सेकी या धर्मगुरु-ज्योतिर्विदानें १८६५ सालीं भूमध्य समुद्रांत करून पाहिली. दोरीला पांढरी तबकडी बांधून पाण्यांत सोडावयाची आणि ती दिसेनाशी झाली कीं दोरीची लांबी मोजावयाची. समुद्रांत ती कित्येक फूट खालीं दिसते. पुराच्या दिवसांत सार्डिससारख्या तळ्यांत ती वीतभर खोल गेली कीं नाहींशी व्हावी. अशा पाण्यांत क्रॅपीचे मोठे डोळे फारसे कामास येत नाहींत. परंतु माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनीं कल्ल्यापासून शेंपटीपर्यंत एक रेघ असते. पूर्वीं शास्त्रज्ञ समजत कीं ती बुळबुळीत द्रव बाहेर सोडण्याची नळी आहे. १८५० मध्यें लायडिग या जर्मन शास्त्रज्ञानें ती ज्ञानेंद्रिय असल्याचें ओळखलें. पाण्याची जवळची हालचाल मासा या रेघेनें जाणतो. मात्र ही जाणीव लांबवर पोहोंचत नाहीं. म्हणून गढूळ पाण्यांतला क्रॅपी एखाद्या खुंटाला, झुडपाला किंवा बुडक्या फांदीला अगदीं बिलगून राहतो, आणि भक्ष्य जवळ आलें तरच तोंड उघडतो.

येथून मासा शोधण्याचे नियम आपोआप निघतात. पहिला नियम: पाणी गढूळ असेल तर खोल जाऊं नये. स्वच्छ पाण्यांत जो मासा वीस फुटांवर असतो तोच गढूळ पाण्यांत चार-पांच फुटांवर मिळतो, कारण उजेड तेवढाच पोहोंचतो. शिवाय मातीचे कण उन्हाची उष्णता शोषून घेतात म्हणून वरचा थर दुपारीं एखाददुसऱ्या अंशानें उबदार होतो. उत्तरेचा वारा न लागणारा, ऊन खाणारा कांठ अशा वेळीं चांगला. दुसरा नियम: आमिष झुडपाच्या बाजूनें न फिरवतां सरळ उभें आंत सोडावें आणि तेथेंच स्थिर ठेवावें. थंडींतला मासा पाठलाग करीत नाहीं. घांस त्याच्या तोंडाशीं नेऊन थांबावें लागतें. तिसरा नियम: गढूळ पाणी सगळीकडे सारखें नसतें. १८८५ च्या सुमारास फोरेल या स्विस संशोधकानें दाखवलें कीं ऱ्होन नदीचें थंड व गाळानें जड झालेलें पाणी जिनीव्हाच्या सरोवरांत शिरल्यावर वर पसरत नाहीं. तें खालीं बुडी मारून तळाशीं स्वतःची घळ कोरीत जातें. धरणाच्या तळ्यांतहि जड लोंढा बहुधा जुन्या पात्रानें तळाशींच पुढें जातो. ज्या फांट्याला मोठा ओढा मिळत नाहीं तेथें पाणी त्या मानानें निवळ राहतें. आणि निवळ व गढूळ यांच्या सीमेवर लहान मासळी जमते, तिच्यामागें क्रॅपी येतो.

हे तीन नियम माझ्या विद्यार्थ्यालाहि ठाऊक होते. शिवाय त्याच्या होडींत माशाचा माग काढणारें यंत्र होतें. त्या यंत्राचा इतिहासहि थंड सरोवरांतच सुरू होतो. १८२६ सालीं कोलाडों आणि स्टुर्म या दोघांनीं त्याच जिनीव्हाच्या सरोवरांत दोन होड्या मैलोगणती अंतरावर उभ्या केल्या. रात्रींच्या वेळीं एका होडीखालीं पाण्यांत घंटा वाजवावयाची, त्याच क्षणीं बंदुकीच्या दारूचा भडका करावयाचा, आणि दुसऱ्या होडींतल्या माणसानें भडका दिसल्यापासून नळीनें घंटेचा नाद ऐकूं येईपर्यंतचा वेळ मोजावयाचा. ८ अंशांच्या पाण्यांत नादाचा वेग सेकंदाला १४३५ मीटर भरला. पहिल्या महायुद्धांत लांजव्हें या फ्रेंच शास्त्रज्ञानें पाणबुड्या शोधण्यासाठीं स्फटिकाच्या साहाय्यानें नादाचे झोत सोडून त्यांचे प्रतिध्वनि टिपले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लॉरन्स या अमेरिकन गृहस्थांनीं तीच युक्ति लहान होडींत मावेल अशा पेटींत बसवली, आणि साध्या माणसाला पाण्याखालचा तळ समजूं लागला. २०१८ सालीं तर असें यंत्र निघालें कीं होडीच्या पुढें गढूळ पाण्यांत मासा हलला तरी त्याचें चलच्चित्र पडद्यावर दिसावें.

या नव्या यंत्रानें तिकडे मोठा वाद उभा केला आहे. कांहीं म्हणतात, गढूळ पाणी हा माशाचा आडोसा होता, तो गेला. आतां मोठे मासे शिल्लक राहणार नाहींत. दुसरे म्हणतात, मासे किती व केवढे घ्यावे याची मर्यादा सरकारनें घातलेली आहे, ती पाळली म्हणजे झालें. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझी शंका निराळी आहे. यंत्र दाखवतें तें या क्षणाचें. मासा तेथें का आहे, आणि उद्यां पाणी दोन फूट उतरल्यावर कोठें असेल, हें समजण्यासाठीं खालची जमीन ठाऊक असावी लागते. माझ्या विद्यार्थ्याचें यंत्र जुन्या धाटणीचें, केवळ होडीखालचें दाखवणारें होतें. चार फूट पाण्यांत, झुडपांच्या दाटींत, त्याचा कांहींच उपयोग झाला नाहीं. म्हणून तो सवयीनें खोल पाण्यांतच फिरत राहिला.

आतां त्या वृद्ध गृहस्थांचें उत्तर. त्यांनीं माझ्या विद्यार्थ्याला सांगितलें कीं, मी मार्चमध्यें मासे शोधीतच नाहीं, तें काम मी डिसेंबरांत करतों. तळें आटलें म्हणजे मी गुडघाभर बूट घालून कोरड्या तळावर हिंडतों. कोणता खुंट अजून उभा आहे, कोणता कुजून पडला, ओढ्याची जुनी चारी कोठून वळते, हें पाहून ठेवतों. वर पाणी आल्यावर मला डोळ्यांची गरज पडत नाहीं. आणि मग थोडें थांबून त्यांनीं सांगितलें कीं, हीं झुडपें जेथें आहेत तेथें आमच्या वडिलांचें शेत होतें. धरणासाठीं तें घेतलें तेव्हां माझा जन्महि झाला नव्हता. पण वडील दर हिवाळ्यांत मला येथें आणीत आणि दाखवीत: ही कुंपणाची ओळ, ही गाडीवाट, हा वाटेच्या कडेचा चर. मासे त्या चरानें वर येतात आणि कुंपणाच्या खुंटांशीं थांबतात. वडिलांना मासे धरण्याचा नाद नव्हता. शेत कोठें होतें हें मुलाला माहीत असावें, एवढाच त्यांचा हेतु होता.

श्रोतेहो, हें पत्र वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलों. सरकारनें त्या शेताचा मोबदला दिला असेल, कागदपत्र कोठें तरी दप्तरांत असतील. परंतु ती गाडीवाट आणि तो चर दप्तरांत नाहींत. एका बापानें आपल्या मुलाला दरसाल चिखलांतून चालवीत नेऊन त्या दाखवल्या म्हणून त्या उरल्या. असें ज्ञान जपणारीं माणसें आतां थोडीं राहिलीं आहेत. तीं गेलीं कीं तळ्याखालीं काय आहे हें यंत्राला दिसेल, पण तें कोणाचें होतें हें दिसणार नाहीं. तळीं तरी कोठें कायमचीं आहेत? अर्काबुटलाच्या बांधांत दोष आढळल्यामुळें २०२३ सालीं त्या तळ्याची पातळी तांतडीनें उतरवावी लागली. पाणी हटलें तेव्हां जुनी जमीन वर आली. ती ओळखणारा कोणी असला तरच तिला कांहीं अर्थ.

गेल्या डिसेंबरांत माझा विद्यार्थी त्या वृद्धांबरोबर सार्डिसच्या कोरड्या तळावर हिंडून आला. त्यानें त्या शेताचा एक नकाशा काढला: कुंपण, गाडीवाट, चर आणि सत्तावीस खुंट, प्रत्येकाला आंकडा घातलेला. इंजिनियरच तो! एक प्रत त्यानें त्या वृद्धांना दिली, एक मला पाठवली. यंदाच्या मार्चमध्यें पाणी पुन्हां गढूळ, चढलेलें आणि थंड होतें. त्याला सहा मासे मिळाले, आणि तेवढ्यावर तो फार खूष आहे.

आठवीच्या वर्गांत आपण कोणता प्रश्न विचारला होता हें त्याला आठवत नसावें. पत्रांत तरी त्याचा उल्लेख नाहीं. मीं तो नकाशा माझ्या टेबलावरच्या कांचेखालीं ठेवला आहे. आतां कोणी मुलानें तोच प्रश्न पुन्हां विचारला, तर ठराविक उत्तर न देतां मी त्याला तो नकाशा दाखवीन, आणि पाणी उतरलेलें असतांना जमीन पाहून ठेव, एवढेंच सांगेन.